शून्याचा दगड

रविवार, १६ ऑक्टोबर २०२२. आदिलाबादहून निघालो सकाळी सहा दहाला.

हजर: मोतीराममामा, सुधाकर, जाऊबाई वंदना, तिची तन्वी (दहा) आणि गौतम (पाच), नणंदेचा आर्यन (सात), मी. एकूण सात.

गैरहजर: धाकटे दीर प्रकाश, कामावर.

सामान: भाकरी वीस, जवसाची चटणी, उकडलेली अंडी दहा, पाण्याचे कॅन दोन, जुने मोजे सहा जोड, हळद, कापूस, चिंचोके दीडशे, दोरी एक.

वहीतलं हे पान आहे तसं उतरवलं. मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे, याद्या करणं माझ्या अंगातच आहे. पण यादीच्या डोक्यावर तारीख आणि हजेरी घालायची सवय मोतीराममामांची. "आधी कोन होतं ते लिव्हा," ते म्हणायचे, "काय झालं ते मंग." सरकारी पंचनामा असाच लिहितात आणि धबधब्याची सहलही असाच पंचनामा मागते, असं त्यांचं मत होतं.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. मोजणी खात्यात चेनमन होते. साहेब जमीन मोजायला गेले की साखळीचं टोक धरून रानातून चालणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं त्यांनी साखळी ओढली. अंगानं काटक, डोक्याला कायम पांढरा रुमाल, आणि चालताना ओठ हलायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा पुटपुटतो. ते मोजत असायचे. त्यांचं पाऊल अडीच फुटाचं होतं. चढ असो, चिखल असो, अडीच फूट.

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी ते मला बघायला आले. मी पदर सावरून पाया पडायला वाकले, तर ते माझ्या बाजूनं स्वयंपाकघरात शिरले, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि बाहेर येऊन सासूबाईंना म्हणाले, "आक्का, मिस्त्रीनं तुजा अर्धा फूट खाल्ला." घर बांधून तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि मिस्त्री वारला होता. तरी सासूबाईंना बरं वाटलं. खिडकीकडचा कोपरा अरुंद का भासतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. मला आशीर्वाद जेवणानंतर मिळाला.

आमच्या घराचा पत्ताही ते पावलांत सांगायचे. पाण्याच्या टाकीपासून दोनशे चाळीस, डावीकडे वळा, मग नव्वद. वंदनाच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा तिची आई याच पत्त्यावर आली. तिचे पाय आखूड. ती तीन घरं अलीकडेच थांबली, आत जाऊन बसली, आणि चहा पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, मुलगा कुठे आहे. त्या घरात मुलगा नव्हताच. मामांनी चूक कबूल केली नाही. पत्ता बरोबर होता, असंच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, फक्त सांगताना कोणाच्या पावलानं ते सांगायचं राहिलं.

त्यांच्या नोकरीतल्या गोष्टींपैकी एक मला पुनःपुन्हा आठवते. तामसीकडच्या एका गावात दोन भावांचा धुऱ्यावरून तंटा होता. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. मोजणीच्या दिवशी थोरल्यानं साहेबांसाठी आणि मामांसाठी कोंबडी शिजवली. धाकट्याला कळलं, त्यानंही शिजवली. मामा दोघांकडेही गेले नाहीत. त्यांनी आपली भाकरी सोडली आणि धुऱ्यावरच बसून खाल्ली, एक पाय या शेतात, एक पाय त्या शेतात. साहेबांनी कोंबडी खाल्ली की नाही, हे ते कधी सांगायचे नाहीत. फक्त एवढं म्हणायचे, की याच गावात त्यांचे वडील सालदार होते, वर्षाच्या बोलीवर राबायचे, आणि याच शेताच्या विहिरीवर त्यांना पाणी वरून ओंजळीत वाढत. "आता हद्द कुटं ते मी सांगून राह्यलो," ते म्हणायचे, "आन ते दोघं माझ्या तोंडाकडं पाहून राह्यले." एवढं बोलून ते हसायचे. त्या हसण्यात राग मला कधी दिसला नाही. पण गोष्ट सांगताना ते पाय नेहमी तसेच फाकवून बसायचे.

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची जमीन मोजली. स्वतःच्या नावावर गुंठाभरही नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट स्वतःसाठी मोजली, ती म्हणजे धबधब्याची वाट.

बाजारहत्नूरच्या पुढे एका गावाशी तेव्हा रस्ता संपायचा आणि तिथून रानातून पायी जावं लागायचं. दसरा आणि दिवाळीच्या मधला रविवार मामांचा. पाऊस थांबलेला असतो, ओढ्याला पाणी असतं पण तो ओलांडता येतो, तरवड पिवळा झालेला असतो आणि सीताफळांचे डोळे उघडलेले असतात. घरातली जी मुलं चालू शकतील ती सगळी यायची. गावाच्या टोकाला हापशीजवळ हद्दीचा एक जुना दगड होता, अर्धा जमिनीत गेलेला. मामा त्याला डाव्या पायाचा अंगठा लावायचे आणि म्हणायचे, "शून्य." मग प्रत्येक मुलानं तिथं पाय ठेवून शून्य म्हणायचं. त्याआधी हजेरी, तीही कचेरीतली. "गौतम वल्द प्रकाश, मायचं नाव वंदना." गौतमनं "हाजिर" म्हणायचं. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, हा जुन्या दप्तरातला शब्द. आईचं नाव मामांनी पदरचं घातलं होतं. दप्तरात ते नसतं, ही त्यांची जुनी तक्रार.

मुलांच्या उजव्या खिशात चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. आमची मुलं शिकतात इंग्रजी शाळेत, खेळतात तेलुगूत, घरी बोलतात मराठी. आर्यन वन-टू करत मोजायचा, तन्वी तेलुगूत, आणि गौतम वीसपर्यंत जाऊन परत एकवर यायचा. मी एकदा म्हटलं, मामा, यांना मराठी आकडे तरी शिकवा. ते म्हणाले, आकडा कोन्याबी भाषेत तेवढाच असते. धबधब्याजवळच्या खडकावर पोचल्यावर प्रत्येकाचे चिंचोके मोजून ते वहीत लिहायचे. तन्वीचे एक्केचाळीस, आर्यनचे छप्पन्न. चूक कोणाची, हे कधी सांगायचे नाहीत. "पाय येगळे, आकडा येगळा. दोनी लिव्हा."

त्यांचा स्वतःचा आकडा मात्र ठरलेला होता. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी वाटेचं टिप्पण काढलं होतं, जसा शेताचा नकाशा काढतात तसं. दगड ते मोह, चौदाशे वीस. मोहाचं ते झाड डेरेदार, त्याच्याशी उजवीकडे वळायचं. मोह ते ओढा, अकराशे. ओढा ते सपाट खडक, नऊशे साठ. खडकाच्या पुढे धबधब्याचं पाणी, तिथं त्यांनी आकडा घातला नव्हता. पाण्याची हद्द दर साली सरकते, म्हणून.

आता त्या रविवारचं.

त्या वर्षी डांबरी रस्ता गावाच्या पुढे रानाच्या तोंडापर्यंत नेला होता. माझे यजमान सुधाकर आठवडाभर आधी बघून आले होते. मी यादीत लिहिलं: गाडी नव्या टोकापर्यंत नेणे, मुलांची पायपीट वाचेल. मागून आणलेली जीप, गुडीहत्नूरला चहा, इच्चोड्याहून आत, सगळं वेळेत. हापशी मागे टाकून आम्ही सरळ रस्त्याच्या शेवटाला थांबलो. मामा खाली उतरले आणि म्हणाले, "दगड कुटं हाय?"

तिथं रस्त्याचा एक नवा रंगवलेला दगड होता. मी म्हटलं, "हा काय, तुमच्या पायाशीच." माझ्या हातात पाण्याचे कॅन होते आणि गौतमला मोजे चढवायचे होते, नाही तर कुसळं टोचून तो पाच मिनिटांत रडला असता. मामांनी अंगठा लावला. क्षणभर थांबले. मग म्हणाले, "शून्य."

मी ते पाहिलं. हा तो दगड नव्हे, हे मला माहीत होतं. दगड तो दगड, काय फरक पडतो, असं मनात आलं आणि मी कॅन उचलले.

वाटेनं ते नेहमीसारखे पुढे. मुलं मागं. दोन वर्षांपासून त्यांनी एक खेळ काढला होता. चालता चालता विचारायचे, सांगा बरं, उजवीकडं काय हाय? मुलं त्यांना आबाजी म्हणायची. ती ओरडायची, कापूस, आबाजी, फुटलेला. डावीकडं? कुरडू. पुढं? पुढं दगड, मोठा, त्याच्यावर सरडा. मामा म्हणायचे, बरोबर. मला हा खेळ फार आवडायचा. मुलांची नजर तयार होते, असं मी वंदनाला म्हटलंही होतं. त्याच दोन वर्षांत त्यांनी पेपर वाचणं सोडलं होतं, कारण त्यात नवं काही नसतं. आणि वही माझ्याकडे दिली होती, कारण माझं अक्षर चांगलं. या तिन्ही गोष्टी मी तीन वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या.

मोहाचं झाड आलं. मुलं दरवर्षी तिथं थांबतात, पहिलं सीताफळ तिथंच फोडायचं असतं. मामा थांबले नाहीत. ओठ हलत होते, पाऊल पडत होतं, आणि ते झाडाच्या सावलीतून पार होऊन सरळ पुढे निघाले. तन्वीनं हाक मारली, "आबाजी, मोह मागं राहिला."

ते थांबले. वळून हसले. म्हणाले, तुमची परीक्षा घेत होतो. आर्यन हसला. वंदना वाटेत तोडलेली सीताफळं पिशवीतून काढत होती, तिचं लक्ष नव्हतं.

गौतम मात्र माझा पदर ओढून म्हणाला, "मोठीआई, आबाजीले झाड दिसलंच नाई."

मी मुलांना बसवलं आणि मामांकडे गेले. ते पन्नासेक पावलांवर उभे होते, काठी दोन्ही हातांत धरून. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "सूनबाई, तू दगड बदलला."

मी हो म्हटलं.

"झाडापाशी आठशे साठच झाले. मोह चौदाशे वीसवर हाय. मले वाटलं पाय चुकून राह्यले माहे."

"मामा, झाड दिसत नाही तुम्हाला?"

"झाड मोजलेलं हाय वं. पाह्याचं काय काम?"

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. कडाचं थोडं दिसते. मधातलं नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वंदनाले नको सांगू. ती पोरं घेऊन परत फिरन. तिचं चूक नाई, पन फिरन. आन मंग मले कोनी पुढं चालू देनार नाई."

ते खरंच होतं. मी स्वतः दुसऱ्या कोणाबद्दल हे ऐकलं असतं तर मीही परत फिरले असते. पुढे ओढा होता, ओढ्यानंतर शेवाळलेले दगड, तीन मुलं, त्यातलं एक पाच वर्षांचं. आणि या माणसाच्या मागे मी दोन वर्षं ही मुलं पाठवली होती. त्यानं ती सुखरूप नेऊन आणली होती, पण ती जुन्या दगडापासून मोजून. तो दगड आज मी काढून घेतला होता.

मी म्हटलं, पुढे कसं करायचं ते सांगा.

"मी काऊन सांगू? यादी तुजी हाय."

मी पिशवीतून दोरी काढली. ती दरवर्षी यायची. तेहतीस फूट, सोळा आण्यांच्या सोळा गाठी, साखळीच्या मापाची. मुलं खडकावर तिनं काहीबाही मोजत बसायची. मी तिचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी गाठ चाचपली आणि त्यांच्या लक्षात आलं.

"मागचं का पुढचं?"

"मागचं," मी म्हटलं.

अठ्ठावीस वर्षं हा माणूस पुढचं टोक धरून चालला होता. काट्यातून, पिकातून, पाण्यातून आधी तो, मागून साहेब. त्यांनी दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन बांधली. मग झाडाखाली येऊन मुलांपुढे उभे राहिले आणि कचेरीच्या आवाजात म्हणाले, "आजपासून बदली झाली. पुढचं टोक तन्वीचं. मधात आर्यन आन गौतम, एकेक गाठ धरा. मी मागं. मागचा मानूस लाइन सांगते, पुढच्यानं आयकाचं. तन्वी, पायाखाली काय हाय ते जोरानं सांगत चालायचं, मागच्याले समजलं पाह्यजे."

तन्वीनं सीताफळ टाकून दिलं आणि टोक घेतलं.

ती बोलत निघाली. उतार. दगड, दोन. मूळ आडवं. चिखल, डावीकडून. मुलं गाठी धरून, मामा दोरीच्या शेवटाला, ओठ हलत नव्हते. ओढ्यात सुधाकर मधोमध उभे राहिले आणि मी मामांच्या मागे, दोन हातांवर. ओढा ओलांडताना ते एकदाच अडखळले. दोरी ताणली गेली, आर्यननं मागं वळून म्हटलं, "हळू, आबाजी." ते म्हणाले, "जी, साहेब." मुलं इतकी हसली की पाण्यात बसायचीच बाकी होती.

सपाट खडकावर पोचलो. धबधबा भरलेला होता, तुषार तोंडावर येत होते. मामा म्हणाले, हितून पुढं मी नाई. ते खडकाच्या कोरड्या भागावर बसले, पाय फाकवून, भाकरी मांडीवर. मुलं कडेच्या उथळ पाण्यात, सुधाकरांच्या पुढ्यात. दोरी कोणी सोडली नव्हती. गौतम पाण्यात बसून गाठ ओढायचा, मामा इकडून ओढून उत्तर द्यायचे. एक हिसका त्याचा, एक यांचा. जेवण होईपर्यंत हे चाललं.

वंदनानं अंडी सोलली. सगळ्यांच्या पानात ठेवली. मामांचं तिनं पानात ठेवलं नाही, त्यांचा तळवा उलगडून त्यावर ठेवलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं दुसरं अंडं सोलायला घेतलं.

परतण्याआधी हजेरी झाली. दरवर्षी आवाजावर व्हायची. त्या दिवशी मामांनी प्रत्येकाला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला. मुलांच्या, मग वंदनाच्या, सुधाकरांच्या, माझ्या. शेवटी स्वतःचा रुमाल चाचपला आणि म्हणाले, सात.

येताना जीपमध्ये मुलं झोपली. मामा पुढच्या सीटवर होते. नव्या दगडापासून गाडी निघाली तेव्हा म्हणाले, "हापशीपाशी थांबा जरा. दोन दगडांमधलं अंतर मोजून टाकू. मले हिशोबानं समजते, पाचशे साठ. पन हिशोब म्हंजे मोजनी नाई. पावलानं मोजलं नाई तं सारं टिप्पण खोटं पडते." हापशीपाशी आलो तेव्हा गौतम माझ्या मांडीवर पसरला होता, आणि इच्चोड्याचा बाजार उठायच्या आत रस्ता पार करायचा होता. मी म्हटलं, मामा, पुढच्या वर्षी. ते म्हणाले, लिहून ठेव. मी लिहून ठेवलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी डोळ्यांची नस वाळली म्हणून सांगितलं, शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. मामांनी ते शांतपणे ऐकलं आणि दवाखान्याच्या पायऱ्या मोजत उतरले. पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डोळ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, हृदय थांबलं.

मला मात्र ते दिसतात त्या रविवारी संध्याकाळी, त्यांच्या दारासमोर. नेहमीच्या जागी कोणाचा तरी ट्रॅक्टर उभा होता. जीप थोडी अलीकडे थांबली. ते उतरले, काठी टेकली आणि विचारलं, "कुटं उभी केली?"

या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. मी खाली उतरून नीट पाहिलं आणि म्हटलं, "विजेच्या खांबाच्या अलीकडे, मामा. चार पावलं. तुमची."

त्यांनी मान हलवली. चार पावलं मिळवली आणि निघाले. खांब, नाली, पायरी, कुठेही न अडता दाराला हात लागला. आत जाताना त्यांनी रुमाल काढला. दोरी माझ्याकडेच राहिली होती, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आम्ही अजून जातो. दसरा आणि दिवाळीच्या मधला रविवार. पुढचं टोक तन्वीचं, आता ती तेरा वर्षांची आहे. दोन दगडांमधलं अंतर मी एकदा दोरीनं मोजायला काढलं होतं, पाच मिनिटांचं काम. तिनं दोरी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, आबाजींनी पावलानं सांगितलं होतं, आणि माझं पाऊल अजून सव्वादोन फुटाचंच आहे, थांब. मी कधी कामं मागं ठेवत नाही. महिनाअखेरीला माझ्या टेबलावर एकही कागद नसतो.

यंदाची यादीही वहीत आहे. तारीख, हजर, गैरहजर, सामान. एकेका ओळीपुढे बरोबरची खूण. सगळ्यात खाली, चौथ्यांदा उतरवलेली, खुणेशिवाय:

जुना दगड ते नवा दगड. मोजणे.